संशयाचे बोट कोणाकडे?

रहस्यकथा आवडतात, असे चारचौघांत सांगताना मराठी वाचक आजही किंचित ओशाळतो. कपाटाच्या दर्शनी फळीवर चरित्रे, वैचारिक ग्रंथ आणि कवितासंग्रह मांडायचे आणि खून, दरोडे, विषप्रयोग यांची पुस्तके मागच्या रांगेत ठेवायची, ही अनेक घरांतली रीत आहे. प्रस्तुत लेखकाचे घरही तिला अपवाद नाही. गेल्या वर्षभरात मात्र ही मागची रांग पुढे आली. काही जुनी पुस्तके पुन्हा वाचली, काही प्रथमच हाती घेतली. इंग्लंड, स्वीडन, जपान आणि बंगाल अशी ही भटकंती झाली. खुनी कोण, हे कळून घेण्याची उत्सुकता वयाबरोबर ओसरली आहे, असे या वाचनात जाणवले. तिची जागा दुसऱ्याच एका कुतूहलाने घेतली होती. माणसाला माणसाचा संशय येतो कसा, तो पक्का होतो कसा आणि चुकीचा ठरल्यावर त्याचे पुढे काय होते?

या कुतूहलामागे एक घरगुती कारण आहे. ते आधी सांगितलेले बरे.

सुमारे तीस वर्षांपूर्वी आमच्या घरातून आईच्या सोन्याच्या पाटल्या नाहीशा झाल्या. मी तेव्हा महाविद्यालयात होतो आणि वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथांनी डोके भारलेले होते. घरात कोण केव्हा होते, आतल्या खोलीत कोण गेले, कपाटाची किल्ली कोठे असते हे कोणाला ठाऊक होते, याची मी वहीत रीतसर यादी केली. एकेक नाव खोडत गेलो. शेवटी एकच उरले. धुणेभांडी करायला येणाऱ्या मावशींचे. वडिलांना ती वही दाखविताना वाटलेला अभिमान मला आजही आठवतो. पोलिसांत कोणी गेले नाही. पण मावशींना विचारले गेले. एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्या दिवसानंतर त्या आल्या नाहीत. महिन्याचा पगार घ्यायलाही आल्या नाहीत आणि माझ्या लेखी तोही एक पुरावाच ठरला.

आठ महिन्यांनी, एका लग्नासाठी आईने ट्रंकेतला शालू बाहेर काढला आणि त्याच्या घडीतून पाटल्या जमिनीवर पडल्या. गावी जाण्यापूर्वी तिनेच त्या तेथे ठेवल्या होत्या आणि ती विसरली होती. वडील त्याच संध्याकाळी मावशींच्या वस्तीत गेले. त्या खोलीत दुसरेच कुटुंब राहत होते. मावशी कोठे गेल्या, ते कोणालाच सांगता आले नाही.

माझ्या यादीत तर्काची चूक एकही नव्हती. चूक यादीच्या पहिल्या ओळीपूर्वीच झाली होती. चोरी झाली आहे, हे मी गृहीत धरले होते.

रहस्यकथेचा वाचक हे गृहीत धरतोच. त्याला तसे शिकविलेले असते. कोडे म्हणून लिहिलेली रहस्यकथा वाचकाला तीन हमी देते. गुन्हा खरोखर घडला आहे, गुन्हेगार याच पानांत वावरणाऱ्या माणसांपैकी एक आहे आणि शेवटच्या प्रकरणात उत्तर मिळणार आहे. एडगर ॲलन पो याने 1841 साली पॅरिसमधील एका बंद खोलीतल्या दुहेरी खुनाची कथा लिहिली, तेव्हापासून या हमीची पायाभरणी झाली. 1887 मध्ये आर्थर कॉनन डॉइल यांचा शेरलॉक होम्स अवतरला आणि तिला लोकमान्यता मिळाली. पुढे पहिल्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये तर तिचे चक्क नियमच झाले. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू लेखकाने 1929 मध्ये रहस्यकथेच्या दहा आज्ञा सांगितल्या. गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या आरंभीच्या भागात आला पाहिजे, दैवी शक्तींना थारा नको, एकापेक्षा अधिक गुप्त खोल्या नकोत, विज्ञानाला अज्ञात असलेले विष वापरायचे नाही, गुप्तहेराने स्वतः गुन्हा करायचा नाही, अशा त्या आज्ञा. खेळ खेळायचा तर तो वाचकाशी प्रामाणिकपणे खेळा, हे त्यामागचे तत्त्व होते.

याच आज्ञांत एक आज बुचकळ्यात पाडणारी आहे. कथेत चिनी माणूस आणू नये, असे ती सांगते. वरवर पाहता ती वर्णद्वेषी वाटते. नॉक्सचा रोख मात्र त्या काळच्या स्वस्त थरारकथांवर होता. त्यांत एखादा गूढ चिनी इसम आला की खलनायक सापडलाच, असा प्रघात पडला होता. आयता परका माणूस आणून त्याच्या माथी गुन्हा मारणे हा लेखकाचा आळस आहे, हे नॉक्सने ओळखले होते. वाचकाचा आळसही तोच असतो, हे मात्र त्याने सांगितले नाही.

अगाथा ख्रिस्तीने नेमके या आळसावर बोट ठेवले. पहिल्या महायुद्धात तिने रुग्णालयाच्या औषधालयात काम केले होते आणि तेथे झालेली विषांची ओळख तिला जन्मभर पुरली. तिची खरी हातोटी विषात नसून वाचकाच्या सवयींच्या अभ्यासात आहे. 1926 मधील ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ किंवा 1934 मधील ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ आज पुन्हा वाचताना, उत्तर ठाऊक असूनही, लक्षात येते ते हे की तिने आपल्यापासून जवळजवळ काहीच लपविलेले नव्हते. कोणाचा संशय घ्यायचा आणि कोणाचा घ्यायचाच नाही, हे आपणच आधी ठरवून टाकलेले असते. ती फक्त आपल्या त्या ठरविण्याच्या आड येत नाही. फसवणूक ध्यानात आल्यावर वाचक हसतो, कारण या चुकीची किंमत कोणालाच मोजावी लागलेली नसते. पुस्तक मिटले की मेलेलेही सुखरूप.

ही किंमत प्रत्यक्षात कशी मोजावी लागते, याचे एक उदाहरण खुद्द होम्सच्या जनकाच्या आयुष्यात आहे आणि त्याचा एक धागा थेट मुंबईशी जोडलेला आहे. शापुरजी एदलजी हे मुंबईचे पारशी गृहस्थ. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यातल्या ग्रेट वायर्ली या खाणकामगारांच्या गावी ते धर्मगुरू झाले. पत्नी इंग्रज. थोरला मुलगा जॉर्ज बर्मिंगहॅमला वकिली करीत असे. रेल्वेच्या कायद्यावर त्याने सामान्य प्रवाशांसाठी छोटे पुस्तकही लिहिले होते. या कुटुंबाला वर्षानुवर्षे निनावी पत्रांचा उपद्रव होत होता. 1903 मध्ये गावात रात्रीच्या अंधारात घोडे आणि इतर जनावरे क्रूरपणे जखमी करण्याचे प्रकार सुरू झाले. ऑगस्टमध्ये खाणीतले एक तट्टू असेच जखमी सापडले आणि पोलीस थेट जॉर्जच्या दारी आले. त्या रात्री मुलगा आपल्याच खोलीत झोपला होता, असे वडिलांनी शपथेवर सांगितले. त्याचा उपयोग झाला नाही. सात वर्षांची सक्तमजुरी झाली. हजारो लोकांनी सह्यांचा अर्ज केला, तरी तीन वर्षे तुरुंगात काढल्यावरच 1906 मध्ये त्याची सुटका झाली. तीही कसलेही कारण न देता आणि निर्दोष न ठरविता.

सुटल्यावर जॉर्जने डॉइल यांना लिहिले. 1907 च्या जानेवारीत लंडनच्या एका हॉटेलात दोघांची भेट ठरली. डॉइल उशिरा पोचले, तेव्हा जॉर्ज वर्तमानपत्र वाचीत बसला होता. कागद डोळ्यांच्या अगदी जवळ आणि किंचित तिरका धरून. डॉइल यांनी नेत्रवैद्यकाचे शिक्षण घेतले होते. त्यांना तेथल्या तेथेच उमगले की ज्या माणसाला समोरचा कागद धड दिसत नाही, तो काळोख्या रात्री कुंपणे आणि रेल्वेचे रूळ ओलांडून, पहारा चुकवून माळावरचे तट्टू गाठणे शक्य नाही. ‘डेली टेलिग्राफ’मध्ये त्यांनी लिहिलेल्या लेखांनी खळबळ उडाली, चौकशी समिती नेमली गेली आणि त्याच वर्षी मे महिन्यात जॉर्जला माफी मिळाली. भरपाई मात्र मिळाली नाही. काही निनावी पत्रे त्यानेच लिहिली असावीत, असा शेरा समितीने मारला होता. इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचे न्यायालय स्थापन करणारा कायदा 1907 मध्येच झाला. त्यामागच्या कारणांत या प्रकरणाचाही वाटा होता. पुढे जूलियन बार्न्स यांनी 2005 मध्ये ‘आर्थर अँड जॉर्ज’ ही कादंबरी याच घटनांवर लिहिली.

या हकिगतीचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. जॉर्जला सोडविल्यावर डॉइल तेथेच थांबले नाहीत. खरा गुन्हेगार आपण शोधून काढला आहे, अशी त्यांची खात्री झाली. गावातल्याच एका माणसाविरुद्ध त्यांनी गृहखात्याकडे प्रकरण मांडले. पुरावा अपुरा ठरला आणि पुढे काही झाले नाही. एका निरपराध माणसावरचा संशय ज्याने इतक्या चिकाटीने खोडून काढला, त्यालाही दुसऱ्यावर बोट रोखण्याचा मोह आवरला नाही. कारण उघड आहे. कथा अपूर्ण सोडणे माणसाला सोसत नाही. एक नाव खोडले की रिकाम्या जागी दुसरे लिहावेसे वाटते.

इतिहासही याला अपवाद नाही, हे जोसेफिन टे यांच्या ‘द डॉटर ऑफ टाइम’ (1951) या कादंबरीत वाचायला मिळते. पाय मोडून रुग्णालयात पडलेला एक पोलीस अधिकारी वेळ घालविण्यासाठी तिसऱ्या रिचर्ड राजाच्या खटल्याचा तपास करतो. या राजाने आपल्या दोन अल्पवयीन पुतण्यांचा खून करविला, असे इंग्लंडमधील पिढ्यानपिढ्या शिकत आल्या. साक्षीदार कोण, तर थोर विचारवंत टॉमस मोर. पण रिचर्ड 1483 मध्ये गादीवर आला, तेव्हा मोर जेमतेम पाच वर्षांचा होता! म्हणजे साक्ष ऐकीव, आणि ज्यांच्याकडून ऐकली असावी, ते राजाचे शत्रू. टे यांचा निष्कर्ष सगळ्या इतिहासकारांना मान्य नाही. त्या मुलांचे काय झाले, याचा वाद आजही मिटलेला नाही. कादंबरीतून घ्यायचे ते एवढेच की, सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट प्रथम कोणी पाहिली, हे कोणी तरी विचारायला हवे.

वर्षभराच्या वाचनात सर्वाधिक समाधान दिले ते स्वीडनच्या माय शवाल आणि पेर वालू या जोडीने. मुले झोपल्यावर रात्री एकाआड एक प्रकरण लिहीत या दोघांनी 1965 ते 1975 या काळात बरोबर दहा कादंबऱ्या लिहिल्या. दोघेही डाव्या विचारांचे. सुखवस्तू, कल्याणकारी म्हणविणाऱ्या स्वीडनचे अंतरंग उघडे करण्यासाठी त्यांनी पोलिसी कादंबरीचे हत्यार हाती घेतले. त्यांचा नायक मार्टिन बेक होम्ससारखा अलौकिक नाही. त्याला सर्दी होते, पोट बिघडते, संसारात गोडी उरलेली नाही आणि कचेरीत कागदांचा ढीग आहे.

पहिल्या ‘रोझॅना’ या कादंबरीत गोटा कालव्याचा गाळ उपसताना एका तरुणीचे प्रेत वर येते. तिचे नाव कळायलाच तीन महिने लागतात. ती अमेरिकेतली ग्रंथपाल निघते. ज्या प्रवासी बोटीवर ती होती, तिच्यावरील माणसे तोवर देशोदेशी पांगलेली आहेत. मग तपास कसा होतो? पत्रे पाठवून, उत्तरांची वाट पाहून, प्रवाशांनी हौसेने काढलेली छायाचित्रे आणि चित्रफिती गोळा करून, त्यांत पाठमोऱ्या आकृती शोधून. पानेच्या पाने काहीच घडत नाही आणि तरीही पुस्तक खाली ठेववत नाही. संशयितांची यादी येथेही आहे. परंतु बेकला ती संपविण्याची घाई नाही. त्याचे मन गुंतले आहे ते त्या मेलेल्या मुलीत. कोड्याच्या रहस्यकथेत प्रेत हे केवळ निमित्त असते. पहिल्या प्रकरणानंतर त्याच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. ‘रोझॅना’त ती मुलगी कशी जगली, हे कळल्याखेरीज ती कशी मेली, हे कळत नाही.

मालिकेतल्या चौथ्या, 1968 मधील कादंबरीत स्टॉकहोममधील एका बसमध्ये नऊ जणांवर गोळ्या झाडल्या जातात. मृतांत बेकच्याच हाताखालचा एक तरुण पोलीस असतो आणि तो त्या बसमध्ये का होता, हे कोणालाच ठाऊक नसते. आपल्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाविषयी आपण किती अनभिज्ञ असतो, हे त्या शोधात उमगत जाते. ‘द लाफिंग पोलिसमन’ या नावाने इंग्रजीत आलेल्या या कादंबरीला 1971 मध्ये अमेरिकेतला मानाचा एडगर पुरस्कार मिळाला.

या दोघांनी घातलेल्या पायवाटेवरून पुढे हेनिंग मानकेल आले. त्यांची 1991 मधील ‘फेसलेस किलर्स’ ही कादंबरी आपल्या विषयाच्या गाभ्यालाच हात घालते. दक्षिण स्वीडनमधील एका एकाकी शेतघरात वृद्ध दांपत्यावर निर्घृण हल्ला होतो. मरताना म्हातारीच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडतो : ‘परदेशी’. इन्स्पेक्टर वॉलँडर हा शब्द गुप्त ठेवू पाहतो, कारण त्याचा अर्थ नक्की काय, ते त्याला ठाऊक नाही. पण शब्द फुटतो, वर्तमानपत्रांत येतो आणि निर्वासितांच्या छावण्यांवर हल्ले सुरू होतात. एका सोमाली माणसाचा त्यात जीव जातो. मूळ गुन्ह्याशी त्याचा काडीचाही संबंध नसतो. अर्धवट ऐकलेला एक शब्द किती वेगाने पुराव्याची जागा घेतो, हे हातातल्या भ्रमणध्वनीवर रोज अफवा वाचणाऱ्या आपल्या पिढीला वेगळे सांगायला नको.

जपानच्या केइगो हिगाशिनो यांची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ ही कादंबरी याच प्रश्नाकडे उलट्या बाजूने पाहते. जपानीत ती 2005 मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिला तेथील प्रतिष्ठेचा नाओकी पुरस्कार मिळाला. सुजॉय घोष यांच्या ‘जाने जां’ (2023) या हिंदी चित्रपटामुळे तिचे कथासूत्र अनेकांना ठाऊक असेल. खून कोणी केला, हे येथे आरंभीच कळते. छळणाऱ्या माजी नवऱ्याचा एका स्त्रीच्या आणि तिच्या मुलीच्या हातून जीव जातो आणि शेजारी राहणारा, एकलकोंडा गणितशिक्षक त्यांना वाचविण्याचा विडा उचलतो. उरतो तो प्रश्न एवढाच की, पोलीस त्याच्यापर्यंत पोचतील का? हा शिक्षक विद्यार्थ्यांची परीक्षा ज्या पद्धतीने घेतो, तिच्यातच कादंबरीची किल्ली आहे. प्रश्न दिसायला भूमितीचा. प्रत्यक्षात वेगळ्याच शाखेचा. पोलिसांचे गणित बिनचूक असते. मात्र ते सोडवीत असतात तो प्रश्नच दुसऱ्याने आखून दिलेला असतो. शेवट येथे सांगणे योग्य नव्हे. हे पान वाचताना मला माझी वही आठवली, इतके मात्र सांगतो.

आपल्याकडे या साहित्याची परंपरा तोकडी नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड यांनी कामगार वस्तीपासून मध्यमवर्गीय घरांपर्यंत पसरलेल्या वाचकांना पुस्तकाची गोडी लावली आणि वाचनालये जगविली. हे ऋण मोठे आहे. त्याची टवाळी करणाऱ्यांपैकी कित्येकांचे वाचन तेथूनच सुरू झाले होते. त्या कथांतला वेग आणि धाडस आजही लोभस वाटते. तेथे थांबून विचार करायला मात्र कोणाला उसंत नसते. ती उसंत शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या ब्योमकेश बक्षीच्या कथांत मिळते. 1993 मध्ये बासू चटर्जी यांनी दूरदर्शनवर आणलेला रजित कपूरचा ब्योमकेश अनेकांच्या स्मरणात असेल. त्याचे जनक मात्र काही काळ मुंबईच्या चित्रसृष्टीत काम करून 1952 मध्ये पुण्यात स्थायिक झाले होते आणि उत्तरकाळातील अनेक ब्योमकेशकथा पुण्यातच लिहिल्या गेल्या, हे पुणेकरांनाही फारसे ठाऊक नसते. शिवकाळातल्या सदाशिव नावाच्या मराठी मुलाच्या कथाही त्यांनी बंगालीत लिहिल्या.

1932 पासून वाचकांसमोर आलेल्या ब्योमकेशला गुप्तहेर ही उपाधी रुचत नाही. तो स्वतःला ‘सत्यान्वेषी’ म्हणवितो. पूर्वी हा शब्द केवळ डौलदार वाटत असे. या वर्षीच्या वाचनानंतर त्यातला भेद ध्यानात आला. हेराला गुन्हेगार हवा असतो; सत्य शोधणाऱ्याला आधी काय घडले, ते हवे असते. गुन्हा घडलाच नव्हता, हेही एक सत्य असू शकते.

गुन्ह्याच्या कथा वाचून माणूस संशयी होतो, असा आक्षेप जुनाच आहे. मी त्याचे जिवंत उदाहरण होतो, हे कबूल केलेच आहे. तरीही चांगली रहस्यकथा याच्या नेमके उलट काम करते, असे आता वाटते. ती तीनशे पाने वाचकाला चुकीच्या माणसाकडे बोट रोखायला लावते आणि मग त्याचे बोट हलकेच खाली घेते. पुस्तकागणिक ही चूक पदरी येत राहिली, तर एखाद्या दिवशी खऱ्या माणसासमोर उभे असताना ती आठवेल, एवढी आशा करता येते. ज्यांना या वाटेने जायचे आहे, त्यांनी ‘रोझॅना’पासून आरंभ करावा. पहिली साठ-सत्तर पाने संथ वाटतील. ती सोडू नयेत.

आमच्या घरी त्या पाटल्या आजही आहेत. आईने त्या पुन्हा कधी घातल्या नाहीत. यादीची ती वही मी फाडून टाकली. मावशींचे त्या महिन्याचे पैसे मात्र वडिलांनी पाकिटात घालून, वर त्यांचे नाव लिहून, देवघराच्या खणात ठेवले होते. ते पाकीट अजून तेथेच आहे.